बाण आरशाकडे

एकाच काचेत दोन आरसे कोरायची कल्पना भाचीची. ती तिने बैठकीत मांडली तेव्हा सगळ्यांनी तिला डोक्यावर घेतलं, आणि तीही खुशाल जाऊन बसली. त्यामुळे पुढे जे झालं त्यात तिची बाजू सावरून घेण्याचं काही कारण नाही.

संस्थेच्या कागदांवर ती मुख्य रचनाकार होती. दुर्बिणीत आरसे किती, त्यांचा बाक केवढा, कुणी कुणापासून किती अंतरावर बसायचं, हे ठरवणं तिचं काम. कार्यशाळेत मात्र तिला सगळे भाचीच म्हणत, कारण तिथला आरसे घासणारा म्हातारा तिचा सख्खा मामा होता. तसा तो साऱ्या कार्यशाळेचाच मामा. पहारेकऱ्यापासून संचालकांपर्यंत सगळे ज्याला मामा म्हणतात त्या माणसाची खरी भाची एकच, तेव्हा तो मान आपोआप तिच्याकडे आला. बेचाळीस वर्षांची, कानशिलांवर पिकलेली बाई, आणि जिन्याखालून कुणीतरी हाक मारायचं, "भाची, चहा आलाय."

तिचे वडील ती सहा वर्षांची असताना गेले. मामाने बहिणीला आणि भाचीला आपल्या दोन खोल्यांत आणलं आणि स्वतःच्या लग्नाचा विषय परत काढला नाही. खेळायला तिच्याकडे बाहुल्या कमी आणि नापास झालेली भिंगं जास्त होती. तिला काच कळली ती त्याच्या मांडीवर बसून. पुढे ती शिकली, परीक्षा देत वर गेली आणि शेवटी त्याच्याच संस्थेत त्याला काम सांगायला आली. याचा त्याला अभिमान इतका की समोर तो कधी दाखवत नसे आणि पाठीमागे सांगून लोकांचे कान किटवत असे.

आता त्या दुर्बिणीबद्दल थोडं. नेहमीची मोठी दुर्बीण आकाश पाहते ते दाराच्या फटीतून पाहिल्यासारखं. खोलवर दिसतं, पण जरासंच. यांना दार सताड उघडायचं होतं. एका चित्रात सात चंद्र ओळीने मावतील एवढं रुंद आकाश, आणि तेही कोपऱ्यापर्यंत रेखीव. दोन आरशांत हे जमत नाही. मधले तारे टिंबासारखे येतात आणि कडेच्या ताऱ्यांना शेपट्या फुटतात. म्हणून तिसरा आरसा लागतो. उजेड पहिल्यावर पडतो, वर जाऊन दुसऱ्यावर, परत खाली तिसऱ्यावर, मग कॅमेऱ्यात. भाचीने पहिला आणि तिसरा एकाच अडीच मीटरच्या काचेत बसवले: बाहेरचं रुंद कडं हा पहिला आरसा आणि आतला खोलगट वाडगा हा तिसरा. दोघे एकाच काचेचे, म्हणजे एकमेकांपासून हलण्याची भीतीच नाही. वजन कमी राहावं म्हणून काच मागून कोरूनही घेतली, इतकी की वाडग्याखाली जेमतेम लागेल तेवढीच जाडी उरली. मामाने आराखडा उलटसुलट करून पाहिला. एक बिघडला की दोन्ही गेले, एवढंच तो म्हणाला. मग तो हसला आणि म्हणाला की काच काढता येते, परत लावता येत नाही, हे त्याच्या भाचीला तरी सांगायला नको.

निवृत्त व्हायला तेव्हा त्याला चार महिने होते. छातीत काचेची पूड बसलेली होती आणि डॉक्टरांनी कार्यशाळेचं तोंडही बघू नका म्हणून बजावलं होतं. भाचीनेच त्याला थांबवलं. एवढा एक आरसा, मामा, म्हणाली. तो थांबला. बाहेरचं कडं त्याने अडीच वर्षांत उतरवलं, आणि ते असं उतरलं की संचालकांनी तपासणीचे आकडे दोनदा मागवले. मग आतल्या वाडग्याला हात घातला.

वाडगा तपासायला वेगळी सोय लागत होती. आरसा जमिनीवर तोंड वर करून ठेवलेला, आणि त्याच्या डोक्यावर लोखंडी मनोरा, अठ्ठेचाळीस पायऱ्यांचा. मनोऱ्याच्या टोकाला भाचीने रचलेली पेटी. पेटीत दिवा, एक भिंग आणि कॅमेरा. आरशाचा आकार बरोबर असेल तर कॅमेऱ्यात सरळ पट्टे दिसायचे आणि चुकला असेल तर वाकडे. भिंगाच्या दोन्ही बाजूंचा बाक जवळजवळ सारखा, नुसत्या डोळ्यांना फरक कळणार नाही असा. म्हणून घासतानाच त्याच्या काठावर पेन्सिलने बाण काढून ठेवलेला होता. भिंग पेटीत बसवायच्या दिवशी मामाने ते हातात धरून विचारलं, "बाण कुणीकडे? दिव्याकडे की आरशाकडे?"

भाचीने संगणकाच्या पडद्यावर पाहिलं. आदल्या दिवशी तिने पेटीची ती रचना उलटी करून ठेवली होती. आरशावरून परत येणारा उजेड मोजायचा असला की उलट्या बाजूने हिशेब सोपा पडतो, सगळेच तसं करतात, आणि काम झालं की परत सुलटी करतात. तिने ती केली नव्हती. तिला फोनवर बोलायचं होतं, पडद्यावर बाण आरशाकडे दिसत होता, आणि ती म्हणाली, "आरशाकडे."

मामाने भिंग बसवलं आणि वहीत तसं लिहिलं.

त्याची ही वही म्हणजे संस्थेत थट्टेचा विषय होती. भांडारातून मिळणारी तपकिरी पुठ्ठ्याची वही. आज कुठे घासलं, किती वेळ घासलं, कुणी काय सांगितलं आणि संध्याकाळी ब्लेडने काय दिसलं, असं सगळं त्यात असायचं. ब्लेडची त्याची रीत फार जुनी. आरशावरून परत येणाऱ्या उजेडात दाढीचं ब्लेड हळूच सरकवायचं, की आरशावर सावली पसरते आणि कुठे खड्डा, कुठे उंचवटा ते उघड दिसतं. मग खिडक्या पाडलेला पुठ्ठा लावून आकडे घ्यायचे. चाळीस वर्षांत ब्लेड लावल्याशिवाय तो एकदाही घरी गेला नव्हता. पॉलिशची पूड तांबडी, ती त्याच्या बोटांत कायमची मुरलेली, आणि प्रत्येक पानाच्या खालच्या कोपऱ्यावर पान उलटताना उमटलेलं तांबडं बोट. मामाला सही करायची गरजच नाही, असं भाची म्हणत असे.

वाडग्याचं काम सुरू होऊन सव्वा वर्ष झालं तेव्हा एके दुपारी तो वही घेऊन तिच्या खोलीत आला. तिच्यासमोर बाहेरच्या संस्थेतून आलेले दोघे इंजिनियर बसलेले होते. ब्लेडप्रमाणे आरसा झाला, तो म्हणाला. आकडे किती यायला हवेत त्या तक्त्याशी माझे आकडे जुळतात, आणि तक्ता तुझाच आहे. पण पेटी म्हणते काठ अजून उचललेला आहे, तेव्हा जरा पेटी उघडून बघूया का?

भाचीला ते लोकांसमोर आवडलं नाही. ब्लेड सरकवायचा स्क्रू झिजलाय, हाताच्या मापाला एवढी बारकाई नसते, असं तिने समजावून सांगितलं. घरी ती त्याला अरे-तुरे करायची. त्या दिवशी म्हणाली, "यंत्र खोटं बोलत नाही, मामा. तुम्ही घासा."

तो गेला आणि अकरा महिने घासत राहिला. बरोबर झालेला आरसा, पेटीतले पट्टे सरळ होईपर्यंत, रोज थोडा थोडा बिघडवत राहिला. खोकला वाढला. अठ्ठेचाळीस पायऱ्यांत तो चार वेळा बसायचा, पण संध्याकाळी ब्लेड लावायला वर चढल्याशिवाय राहायचा नाही. शेवटी पट्टे सरळ झाले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि त्याच आठवड्यात त्याला इस्पितळात ठेवावं लागलं.

महिन्याभराने तिन्ही आरसे सांगाड्यात बसवून कृत्रिम ताऱ्यावर पहिली चाचणी झाली. तारा दिसला तो भिजलेल्या कागदावर शाई पसरावी तसा. दिवसभर सगळे नटबोल्ट तपासत राहिले, आणि शेवटी मोठा आरसा उतरवून परत मनोऱ्याखाली ठेवला. भाचीला मात्र केव्हाच पेटीतलं भिंग आठवलं होतं. रविवारी दुपारी, कार्यशाळेत कुणी नसताना, तिने सव्वादोन वर्षांपूर्वीची ती फाइल उघडली. रचना अजून उलटीच होती. मग ती मनोऱ्यावर चढली, पेटीचं झाकण काढलं आणि भिंगाच्या काठाला टॉर्च लावला. पेन्सिलचा बाण खाली, आरशाकडे बघत होता. तिथेच लोखंडी जाळीवर ती बसली. खाली तो अडीच मीटरचा आरसा चकाकत होता आणि त्यात मनोऱ्याच्या टोकाला एक बाई बसलेली दिसत होती.

पुढचा आठवडा तिने कुणाला काही सांगितलं नाही. म्हणायला ती उपाय शोधत होती. वाडगा आणखी खोल घासून सुधारावा तर खाली काच उरलेली नाही, कारण ती तिनेच कोरून घेतली होती. दुसरा आरसा बदलून, कॅमेऱ्यातली भिंगं बदलून पाहिली. मध्यभाग सावरला, कडा सावरेनात. सातापैकी तीन चंद्रांपुरतं आकाश हाताला लागत होतं, आणि त्याच्या कोपऱ्यांतही ताऱ्यांना शेपट्या राहत होत्या. याहून जास्त काही होणार नव्हतं. हे सगळं खरं होतं, पण ती उपाय शोधत होती म्हणून गप्प होती हे अर्धंच खरं. ती घाबरली होती.

त्याच आठवड्यात मामाने वही मागवली. कपाटातली चालू वही आण, आणि भांडारातून एक कोरी घेऊन ये, म्हणाला. पुढे जो कुणी माझ्या जागी येईल त्याच्यासाठी सुवाच्य अक्षरात उतरवून ठेवतो, इथे पडून नाहीतरी छतच मोजतोय. तिने दोन्ही वह्या नेऊन दिल्या, बरोबर दोन पेनंही. नाकात प्राणवायूची नळी होती, हात उशीवर होते. हात मात्र आता स्वच्छ पांढरे झाले होते, नर्सने ब्रशने घासून घासून. चाचणी कशी झाली, त्याने विचारलं. अजून चालू आहे, ती म्हणाली. तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला आणि मग त्याने आईबद्दल चौकशी केली, गुडघे कसे आहेत वगैरे.

अखेर संचालकांनी चौकशी लावली. बैठकीच्या आदल्या दिवशी भाचीने पत्र लिहिलं. चूक माझी, भिंग माझ्या सांगण्यावरून उलटं बसलं, मामांनी सांगूनही मी ऐकलं नाही. तीन ओळींचं पत्र लिहायला तिला चार तास लागले. ते घडी करून पर्समध्ये ठेवलं आणि सकाळी ती संचालकांच्या खोलीत गेली.

पण संचालकांसमोर वही आधीच येऊन पडली होती. मामांनी स्वतः नर्सकरवी पाठवली, ते म्हणाले. माणूस प्रामाणिक, सगळं लिहून ठेवलंय. त्यांनी वही तिच्यापुढे सरकवली. भिंग बसवल्याच्या दिवशी लिहिलं होतं: भाची रजेवर. भिंग मी माझ्या अंदाजाने बसवलं. बाण आरशाकडे. आणि शेवटचे अकरा महिने, जिथे रोज संध्याकाळचे आकडे असायचे तिथे, प्रत्येक तारखेपुढे दोन शब्द: पाहिलं नाही. पाहिलं नाही. पाहिलं नाही. तीनशेच्या वर वेळा, एकाच वळणाने, जरा थरथरत्या अक्षरात.

भाचीने पानं उलटली. एकाही पानावर तांबडं बोट नव्हतं.

वय झालं होतं हो, संचालक म्हणाले. आपणच कामावर थांबवून घ्यायला नको होतं. आता कुणाच्या पोटावर पाय येत नाही, निवृत्त माणूस, आजारी, त्याला कोण काय करणार. प्रकल्प वाचला, तुम्ही वाचलात. फक्त रचनाकार म्हणून तुमची एक सही हवी, की नोंदी बरोबर आहेत. त्यांनी कागद पुढे केला. भाचीला आधी काय वाटलं ते लपवण्यात अर्थ नाही: तिला हायसं वाटलं. छातीवरचा दगड उतरावा तसं. लाज त्यानंतर वाटली, मिनिटभराने, आणि मग ती गेली नाही. तिने एक दिवस मागून घेतला आणि तडक इस्पितळ गाठलं.

खाटेच्या कडेला बसून तिने विचारलं, "जुनी वही कुठे आहे?"

"नाही आता," मामा म्हणाला. "झाडूवाल्या बाईंना दिली. फाडून, तुकडे करून."

"तुला कधी कळलं?"

"भिंग उलटं असलं की काठ असाच उचललेला दिसतो. इथे पडल्या पडल्या हिशेब केला." त्याला धाप लागली. तो थांबला, नळी सारखी केली. "आणि वह्या घेऊन आलीस तेव्हा तुझं तोंड पाहिलं. सहा वर्षांची असताना माझं मोठं भिंग फोडलं होतंस, तेव्हाही अशीच येऊन उभी राहिली होतीस."

तिने पर्समधून पत्र काढलं आणि त्याला दाखवलं. हे उद्या देणार, म्हणाली. त्याने ते वाचलंच नाही. पत्र दिलंस तर तुला पुन्हा कुणी आरसा करायला देणार नाही, तो म्हणाला. चूक एकदाच झाली आहे, आणि ती आता तुला जन्मभर कळलेली आहे. असा माणूस घरी बसवायचा नसतो. मी काय, दहा-पंधरा दिवसांचा.

"तुझं नाव जाईल, मामा. चाळीस वर्षांचं."

"चाळीस वर्षांत एकच खोटं लिहिलंय," तो म्हणाला. "तेवढं तरी वठू दे. सही कर."

ती रडली. त्याचा पांढरा हात धरून बसली. त्याने दुसऱ्या हाताने तिच्या पाठीवर थोपटलं आणि डोळे मिटून घेतले. आपण उद्या पत्रच देणार असं ती जिना उतरताना स्वतःला सांगत होती. दुसऱ्या दिवशी तिने सही केली.

मामा नवव्या दिवशी गेला. कार्यशाळेने एक दिवस काम बंद ठेवलं, पण जवळ येऊन बोलणाऱ्यांच्या आवाजात जरा कीव होती, चांगला कारागीर म्हातारपणी घसरला याची. शेवटी शेवटी नजर गेली होती म्हणे, असं एकाने दुसऱ्याला सांगितलेलं तिने ऐकलं. मामाची नजर शेवटच्या दिवसापर्यंत सुईसारखी होती. भाची तशीच पुढे गेली.

दुसरा आरसा नवा आला, कॅमेऱ्यातली भिंगं बदलली आणि दीड वर्षाने दुर्बीण डोंगरावर गेली. आता रोज सकाळी संस्थेत चित्रं येतात. मधला भाग सुरेख असतो. कोपऱ्यांतल्या ताऱ्यांना बारीक शेपट्या असतात, आणि त्या पुसायला एक छोटा प्रोग्रॅम लिहावा लागला. ज्यांनी लिहिला ती सगळी नंतर आलेली मंडळी. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की हा दोष कुणा मामामुळे आला, म्हणून त्यांनी प्रोग्रॅमला तेच नाव ठेवलं. शेजारच्या खोलीतून दिवसातून दहा वेळा ऐकू येतं: मामा काढलास का? या चित्रात मामा राहिलाय बघ. त्यात कुणाचा दुष्टावा नाही. भाचीने एकदा उठून दार लावून घेतलं, तेवढंच. पुढच्या दुर्बिणीची रचना तिच्याकडेच आली आहे. त्यात चार आरसे आहेत, चारही वेगवेगळ्या काचांचे. ते पत्र अजून पर्समध्ये आहे, घड्यांवर फाटत चाललेलं.

वर्तमानपत्रात दुर्बिणीचा फोटो आला त्या दिवशी आईने तो कापून ठेवला. संध्याकाळी भाची घरी आली तेव्हा आई स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसली होती, पुढ्यात कात्रण होतं. बातमीत शेवटी एक ओळ होती, आरशाच्या घासकामात राहिलेल्या त्रुटीमुळे मूळ योजनेपेक्षा कमी आकाश टिपता येत असल्याची. आईने त्या ओळीवर बोट ठेवलं.

"बरेच दिवस बोलेन म्हणते," आई म्हणाली. "तुझं एवढं मोठं काम माझ्या भावाच्या हातून बिघडलं. जाताना त्याच्या जिवाला तेच लागलं असणार. तू मनात राग धरू नकोस गं. त्याने आपल्याला सांभाळलं. माफ केलंस ना त्याला?"

भाचीने हातातली पर्स खुर्चीवर ठेवली. आई तिच्याकडे बघत होती, थकलेल्या, ओल्या डोळ्यांनी, उत्तराची वाट बघत.

"केलं," भाची म्हणाली.

आईने डोळे पुसले, कात्रण घडी करून मामाच्या फोटोमागे खोचून ठेवलं आणि चहाला आधण ठेवायला उठली.